बंद कुरणातली जीप

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने मला आयुष्यात दोनदा दंड केला. पहिल्यांदा एका शेळीपायी, दुसऱ्यांदा एका जीपपायी. शेळी माझी होती आणि जीप कंपनीची. तरी लाज वाटते ती जीपचीच, म्हणून तीच गोष्ट सांगतो.

दाजींचं नाव हद्दू. आमच्या तीझी गावाच्या वर जे मोठं कुरण आहे, त्याला आम्ही अग्दाल म्हणतो. ते मार्चच्या शेवटी बंद होतं आणि जूनमध्ये गावची जमाअत, म्हणजे गावसभा, ठरवेल त्या दिवशी उघडतं. मधल्या काळात तिथे मेंढी जात नाही, गाढव जात नाही, विळा घेऊन बाई जात नाही. गवताला फुलायला आणि बी धरायला तेवढा वेळ लागतो. या कुरणाची राखण छत्तीस वर्षं दाजींकडे होती. कुंपण नाही, फाटक नाही. चुना फासलेल्या दगडांची एक रांग आणि दाजी, एवढाच बंदोबस्त.

माझी एक शेळी एकदा ऐन मे महिन्यात दगडांच्या पलीकडे सापडली. "ती चरत नव्हती, नुसती उभी होती," असं मी जमाअतीपुढे शपथेवर सांगितलं. दाजी म्हणाले, "उभी होती, पण तोंडात जांभळं फूल होतं." आमच्याकडे दंड म्हणजे जेवण. चुकलेल्याने सगळ्या गावाला जेवू घालायचं आणि स्वतःच्या हाताने वाढायचं. तीच शेळी शिजली. माझी तूदाताई भावाची बाजू घेऊन दोन आठवडे नवऱ्याशी बोलली नाही. जेवायला मात्र आली, आणि मीठ कमी आहे म्हणाली.

तर अशा या माणसाच्या गावात पवनचक्क्यांची कंपनी आली.

डांबरी रस्ता जिथे संपतो तिथे माझं चहाचं दुकान आहे. मी तरुणपणी मेक्नेसला हॉटेलात कामाला होतो, त्यामुळे शहरी अरबी मला फाडफाड येते. कंपनीच्या लोकांना आमची अमाझिग बोली येत नव्हती आणि गावातल्या निम्म्यांना अरबी समजत नव्हती. त्यामुळे कंपनीने पहिल्याच आठवड्यात मला दुभाषी नेमलं. गळ्यात अडकवायला माझा फोटो लावलेलं कार्ड दिलं. ते मी दुकानातही काढत नसे.

कामाची प्रमुख एक बाई होती. घिझलान नाव, कासाब्लांकाची, तिशीची असेल. तिने आधी डोंगराच्या धारेवर एक उंच, सडपातळ खांब उभा केला. दोन वर्षं नुसता वारा मोजायचा होता. खांबावर लक्ष ठेवायला तिने दाजींना विचारलं, कारण ते तसेही वरच असायचे. दाजींनी आधी खांबाभोवती तीन फेऱ्या मारल्या, मग म्हणाले, "ह्याला काय राखायचं? हा कुठे पळून जाणार आहे?"

पण जीव लावला त्यांनी त्या खांबाला. हिवाळ्यात त्याच्या तारांवर बर्फ धरलं की काठीने झटकायचे. घिझलान महिन्यातून एकदा यायची आणि दाजी तिला वाऱ्याच्या चहाड्या सांगायचे. कुठला वारा दुपारी आळसावतो, कुठला मेंढ्यांना चिडवतो, पूर्वेचा गरम शर्गी सुटला की कुठल्या दगडाआड बसायचं. मी अरबीत सांगायचो, ती वहीत लिहायची.

एकदा तिने नवव्या चक्कीची जागा दाखवली. दाजींनी मान हलवली. "इथे नको, पोरी. इथे वारा थांबतच नाही. इथून तो खाली खिंडीत उडी टाकतो."

"हे तुम्हाला कसं कळलं?" तिने विचारलं.

"माझ्या टोप्या कुठे सापडतात त्यावरून."

ती खूप हसली. पण तिने त्या जागी एक छोटं यंत्र बसवलं, आणि चार महिन्यांनी आली ती सरळ दाजींच्या दारात गेली. "दादा हद्दू, तुमच्या टोप्या बरोबर सांगतात. नववी चक्की हलवली."

त्या दिवसापासून ती घरातली झाली. दाजींची दोन्ही मुलं स्पेनमध्ये शेतात राबतात, दोन-तीन वर्षांनी एकदा येतात. मुलगी नाही. घिझलानची जीप वळणावर दिसली की ताई चुलीवर लोणी कढवायला ठेवायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी तासभर बोलत बसायच्या. ताई आमच्या बोलीत विचारायची, "लग्न का नाही करत गं?" घिझलान अरबीत म्हणायची, "भाकरी फार छान झालीय." दोघीही समाधानी.

मग जमाअत बसली. पवनचक्क्यांना होकार द्यायचा की नाही? कुणी म्हणालं, आवाजाने मेंढ्या गाभडतील. कुणी म्हणालं, वीज जाणार शहरातल्या कारखान्यांना, आपल्याला काय? दाजी उठून म्हणाले, "हा वारा आजवर आपली छपरं उडवत आलाय, तंबू फाडत आलाय. एवढ्या वर्षांनी कुणीतरी त्याला कामाला लावतंय, तर लावू दे." लोक हसले आणि होकार झाला. खरं सांगायचं तर होकार चक्क्यांना नव्हता, दाजींना होता.

फेब्रुवारीत मोठा नकाशा छापून आला आणि तो माझ्या दुकानाच्या भिंतीवर लागला. त्यात सगळं होतं. चौदा चक्क्यांच्या जागा, आवाज कुठल्या घरापर्यंत पोचेल, सावली कुणाच्या खिडकीवर किती वेळ पडेल, करकोचे कुठून उडत जातात. मेहनत केली होती बाईने. कुणालाही काही सांगायचं असेल तर महिन्याभरात सांगा, असं खाली लिहिलं होतं.

ताई दोन बायकांना घेऊन नकाशा बघायला आली. घिझलान तिथेच चहा पीत होती. ताईला वाचता येत नाही, पण डोंगर तिला पाठ आहे. तिने बोटाने एकेक ओढा ओळखला आणि मग बोट एका पिवळ्या पट्ट्यावर थांबलं.

"हे काय रे, बास्सू?"

"रस्ता. मोठे ट्रक यायचेत ना."

"कुरणातून?"

"तिथे जमीन सपाट आहे."

"आणि काम कधी सुरू?"

"एप्रिल."

ताई घिझलानकडे वळली आणि तिच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "बाई, एप्रिलमध्ये कुरण बंद असतं. माणूसही जात नाही तिथे. जूनपर्यंत थांबावं लागेल." मग मला म्हणाली, "सांग तिला. नीट सांग."

मी काय केलं ते सांगतो. पुढच्या आठवड्यात गावातल्या बावीस पोरांची नावं कामावर लागायची होती. मजुरांचं जेवण माझ्या दुकानातून जायचं होतं. दोन-अडीच महिने पुढे ढकला म्हटलं, तर कंपनी दुसऱ्या डोंगरावर जाईल, अशी मला धास्ती वाटली. शिवाय वाटलं, पोरीसमोर दाजी विरघळतील, वेळ आली की होईल काहीतरी. मी घिझलानला म्हटलं, "ती म्हणते, नकाशा फार सुंदर काढलाय."

घिझलानने उजवा हात छातीवर ठेवला आणि मान लववली. ताईने तो होकार समजला. कुणी एखादी गोष्ट मनावर घेतली की असाच हात ठेवतात. ती खूश होऊन घरी गेली आणि नवऱ्याला म्हणाली, "मी सांगितलंय तिला. छातीवर हात ठेवून कबूल केलं पोरीने."

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जमीन खोदून बघायचं यंत्र घेऊन ट्रक आला. पुढे जीप, जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी घिझलान, मागे मी, गळ्यात कार्ड. पांढऱ्या दगडांपाशी आल्यावर ड्रायव्हरने वेग कमी केला. "हे दगड कसले?"

"काही नाही," मी म्हटलं. "चल तू. पुढे माझे दाजीच आहेत."

जीप रांगेतून आत गेली. ट्रकवाला जुना माणूस होता, त्याला काय वाटलं कोण जाणे, तो बाहेरच थांबला. आम्ही शे-दोनशे पावलं गेलो असू, तोच वरून दाजी येताना दिसले. सत्तरीला आलेला माणूस लोकरीचा झगा दोन्ही हातांनी वर धरून उतारावरून धावत होता. मला वाटलं, ओरडतील. ते ओरडले नाहीत. जीपच्या मागे जाऊन खाली बसले आणि चाकाखाली चेपलेलं गवत बोटांनी उभं करायला लागले. बोटभर उंचीचं गवत होतं. ते उभं राहत नव्हतं.

घिझलान खाली उतरली. "काय झालं? दादा हद्दू, काय झालं?"

दाजींनी तिच्याकडे पाहिलं. "तू कबूल केलं होतंस."

मी भाषांतर केलं. करायलाच लागलं.

"काय कबूल केलं होतं?"

"जूनपर्यंत कुरण बंद असतं हे. माझ्या बायकोने तुला सांगितलं. ह्याच्या तोंडून."

आणि हे वाक्यसुद्धा मलाच अरबीत सांगायचं होतं. ड्रायव्हर, घिझलान, दाजी, तिघं माझ्याकडे बघत होते. मी पायाखाली बघत म्हटलं, "त्या दिवशी ताई नकाशाचं कौतुक करत नव्हती. ती सांगत होती की एप्रिलमध्ये इथे यायचं नाही. मी तुम्हाला सांगितलं नाही."

घिझलानने माझ्याकडे पाठ फिरवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती दाजींसमोर गुडघ्यांवर बसली आणि विचारलं, "आता बाहेर कसं जायचं? आणखी गवत मोडायला नको."

हे मात्र दाजींना माझ्याशिवाय कळलं. त्यांनी हाताने दाखवलं. आलात त्याच चाकोरीतून, उलटं. मग ड्रायव्हरने जीप मागे घेतली आणि मी तिच्यामागे वाकून चालत, डावीकडे, उजवीकडे, थांब, असं करत दगडांपर्यंत आलो. त्या दिवसाइतकं लांब अंतर मी कधी चाललो नाही.

यंत्राचा ट्रक माझ्या दुकानासमोर उभा राहिला. शहरातून वरिष्ठांचे फोन सुरू झाले. परवाना आहे, सरकारी शिक्के आहेत, एक म्हातारा काम कसं अडवतो? आणि गावातही सगळे दाजींच्या बाजूने होते असं नाही. जमाअत बसली तेव्हा एक जण तोंडावर म्हणाला, "हद्दू, तुझ्या गवतापायी आमची पोरं घरी बसलीत." दुसरा म्हणाला, "होकार द्यायला तूच पुढे होतास ना?" दाजींनी खाली मान घातली. मी अगदी कोपऱ्यात बसलो होतो.

तेव्हा बाहेरच्या भिंतीपाशी बसलेली ताई उठून उंबऱ्यात आली. आमच्या जमाअतीत बायका बोलत नाहीत. ऐकतात आणि नंतर घरी गेल्यावर बोलतात. ताई म्हणाली, "आज चाकं गेली आत. उद्या पलीकडच्या खोऱ्यातले कळप घेऊन येतील आणि म्हणतील, ट्रक चालतो तर मेंढी का नाही? तेव्हा कोण अडवणार त्यांना? तुम्ही? कुठल्या तोंडाने? माझ्या भावाच्या एका शेळीला ह्यांनी सोडलं नाही. मी दोन आठवडे बोलले नव्हते ह्यांच्याशी. आज म्हणते, बरोबर केलं."

मग घिझलान, तिला आम्ही बोलावलं होतं, माझ्याकडे न बघता म्हणाली, "विचार त्यांना, दंड काय असतो?"

मी विचारलं. सगळ्यात वयस्कर होते ते म्हणाले, "जेवण. सगळ्या गावाला. आणि वाढायचं स्वतः."

"मग मी देते," ती म्हणाली.

"आणि हा?" ताईने माझ्याकडे बोट केलं.

"ह्याचा वेगळा," दाजी म्हणाले. "ह्याने आधी भांडी घासायची, मग पाणी आणायचं, मग वाढायचं." जमाअत हसली, आणि त्या हसण्यावरून मला कळलं की गाव मला टाकणार नाही.

शुक्रवारी दुपारी जेवण ठरलं. दोन मेंढ्या घिझलानने आणल्या. कुसकुस, म्हणजे वाफवायच्या पिठाच्या कण्या, मात्र तिने स्वतःच्या हाताने करायचा, असं बायकांनी ठरवलं. शहरात तो पाकिटातला खाल्लेला, तिला काय माहीत? ताईने तिच्यापुढे परात ठेवली, बार्लीचं पीठ टाकलं, पाण्याचा हबका मारला आणि दाखवलं, तळवा असा फिरवायचा. घिझलानने फिरवला तर त्याच्या गोट्या झाल्या.

"ह्या मेंढ्यांना घाल," एक म्हातारी म्हणाली.

"हसू नका गं," ताई म्हणाली. "हिने आकाशात चक्क्या फिरवायच्यात. हात फिरवायला शिकेल." मी भांडी घासता घासता हे भाषांतर केलं, शब्दन् शब्द. घिझलानने पहिल्यांदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "नक्की असंच म्हणाली?" मी म्हटलं, "आईशप्पथ."

जेवणं झाली, तिने वाढलं, मी वाढलं. तिने दाजींच्या पुढ्यात मांस ठेवलं. दाजींनी त्यातला चांगला तुकडा उचलून तिच्याच तोंडाशी धरला. मग चहा फिरला, आणि पुरुष पांगायच्या आत ताईने नकाशा मागवला. भाकरीच्या कापडावर तो पसरला. बायका भोवती बसल्या.

"इथून जा की," ती म्हातारी म्हणाली. तिने डोंगराच्या मागच्या बाजूला बोट फिरवलं. "माझ्या बापाची खेचरं मिठाच्या खाणीतून इथून यायची. सगळा खडक आहे. गवताचं पान नाही."

"लांब पडेल," घिझलान म्हणाली.

"खेचरं काही बोलली नाहीत कधी," म्हातारी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच घिझलान, दाजी आणि मी ती वाट चालून आलो. तीन किलोमीटर जास्त होती. एका ठिकाणी दरड फोडावी लागणार होती. पण ट्रक जाऊ शकत होता. पाच चक्क्या त्या बाजूलाच, खडकावर होत्या. त्यांचं काम लगेच सुरू होऊ शकत होतं, म्हणजे पोरं रिकामी राहणार नव्हती. कुरणातल्या चक्क्यांना मात्र जूनपर्यंत थांबावं लागणार होतं.

फोनची रेंज माझ्या दुकानाच्या छपरावरच येते. ती वर चढली आणि तासभर बोलत होती. मी खाली उभा राहून ऐकत होतो, ऐकू नये तरी. ती म्हणत होती, "नाही सर, तारीख मी नाही देऊ शकत... जमाअत देईल... गवताला बी धरलं की... कोण सांगणार म्हणजे? हद्दू सांगेल... हद्दू कोण? सर, नववी चक्की ज्याच्या टोपीने हलवली, तो." खाली उतरली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. "दोन चक्क्या रद्द केल्या त्यांनी," ती म्हणाली. "बारा राहिल्या. बाकी सगळं मान्य." तिने माझ्याकडे हात पुढे केला. मला वाटलं, कार्ड परत मागतेय. मी गळ्यातून काढलं. ती म्हणाली, "वेडा आहेस का? पाणी दे प्यायला."

जूनच्या सोळा तारखेला दाजींनी मूठभर गवत तोडून तळहातावर चोळलं, फुंकर मारली, उरलेलं बी जमाअतीला दाखवलं आणि कुरण उघडलं. कळप असे आत घुसले की धूळ गावापर्यंत आली. मागच्या वाटेने आलेल्या ट्रकांना दाजींनी हात करून थांबवलं होतं. शेवटची मेंढी आत गेली, मग त्यांना पुढे बोलावलं.

आता तीन वर्षं होत आली. सगळं गोड झालं असं म्हणणार नाही. काम संपल्यावर बावीसपैकी चौघंच कंपनीत राहिले, बाकीचे पुन्हा मेक्नेसला आणि त्याही पुढे गेले. शर्गी सुटला की पात्यांचा घूं घूं आवाज घरात येतो आणि ताई कपाळाला फडकं बांधते. मेंढ्या पहिल्या उन्हाळ्यात फिरत्या सावलीला बिचकायच्या. आता खांबाच्या सावलीत एका रांगेत बसतात आणि सावली सरकली की उठून तिच्याबरोबर सरकतात. दाजी कुणाला बोलून दाखवत नाहीत, पण एकदा धारेवर बसून मला म्हणाले, "पूर्वी तिथे काहीच नव्हतं, बास्सू. ते काहीच नसणं मला आवडायचं." मी म्हटलं, "मग होकार का दिला?" ते म्हणाले, "आता हे फिरताना बघायलाही आवडतं. माणसाला दोन गोष्टी आवडू नयेत का?"

घिझलानची बदली गेल्या शरदात झाली, लांब दक्षिणेला, समुद्राकाठच्या कामावर. निघायच्या दिवशी ताईने तिच्या खांद्यावर स्वतः विणलेली शाल टाकली आणि आमच्या बोलीत विचारलं, "लग्न कधी करणार?" घिझलानने आमच्याच बोलीत उत्तर दिलं, "तू मुलगा बघ, मग करते." इतकी वर्षं काय विचारलं जात होतं, ते तिला केव्हापासून कळत होतं देव जाणे. ताई हसता हसता रडायला लागली.

जीप निघाली तसे दाजी पुढे चालायला लागले. ओढ्यावरच्या पुलापाशी जाऊन त्यांनी पाणी किती आहे ते वाकून बघितलं, दोन दगड बाजूला केले, आणि हाताने खूण केली, ये, सावकाश ये. ती पोरगी त्या रस्त्याने हजार वेळा गेली असेल. ओढ्यात तर पाणीच नव्हतं. तरी ती सावकाश आली, त्यांच्याजवळ थांबली, काच खाली करून त्यांचा हात डोक्याला लावला आणि गेली.

दाजी परत येऊन माझ्या दुकानात बसले. मी चहा ओतला, साखर जरा जास्तच टाकली. त्यांना गोड चालत नाही. त्यांनी तो पूर्ण प्यायला आणि पेला पुढे केला.

"अजून दे," म्हणाले.